वजनाला एक टॉवेल

रविवारी दुपारी जेवणं झाली की घरातले सगळे आडवे होतात. मी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, ट्रेड (खेळाडूंच्या अदलाबदली) जुळवत बसतो. खरे नव्हेत, नेटवर त्याचं एक यंत्र आहे. इकडचा खेळाडू तिकडे टाकायचा, तिकडचे दोन इकडे घ्यायचे, आणि चालेल की नाही ते यंत्राला विचारायचं. परवा उत्तर आलं, नाही चालणार. पगार जुळत नव्हते. सॅलरी कॅपच्या, म्हणजे एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, वर गेलेल्या टीमला जेवढ्याचा माल घ्यायचा, जवळपास तेवढ्याच पगाराचा माल द्यावा लागतो. म्हणजे अजून कोणीतरी घाला. आणि मला एकदम आमच्या जिन्यात बसलेली बोहारीण दिसली.

आई आतून गाठोडं आणायची. बोहारीण एकेक कपडा उजेडाकडे धरून म्हणायची, "कॉलर विरलीय, वहिनी." आईचा डोळा झाकणाच्या स्टीलच्या डब्यावर. तासभर घासाघीस, मग बोहारीण टोपली उचलून चार पायऱ्या उतरायची, आई दार लावायचं नाटक करायची, आणि दोघी पुन्हा पहिल्या जागी. शेवटी "वरून काहीतरी टाका" यावर गाडी अडायची. एकदा आईने दोरीवरचा टॉवेल ओढून टाकला. संध्याकाळी न्हाणीघरातून बाबांच्या हाका सुरू झाल्या तेव्हा तो वापरातला होता हे कळलं.

ब्रुकलिन नेट्सनेही २०१३ मध्ये असंच गाठोडं बांधलं होतं. बॉस्टनकडून त्यांना पॉल पिअर्स आणि सदतिशीतला केव्हिन गार्नेट हवा होता. जरीकाठी खरी, पण घडीवर विरलेली. बदल्यात दिलेल्यांत जेराल्ड वॉलेस होता. त्याच्याशी नेट्सने आदल्याच वर्षी ४ वर्षांचा, ४ कोटी डॉलरचा करार केला होता आणि तो लगेच नकोसा झाला होता. त्याला आणण्यासाठी जो ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला नंबर, दिला, त्यावर पोर्टलंडने डेमियन लिलार्ड उचलला, ही आणखी वेगळी हळहळ.

वरून २०१४, २०१६ आणि २०१८ चे फर्स्ट राउंड पिक. एक वर्ष सोडून एक, कारण पूर्वी क्लीव्हलँडच्या टेड स्टेपियन नावाच्या मालकाने आपले पिक असे उधळले होते की पुढे लागोपाठ दोन वर्षांचे पिक देण्यालाच बंदी आली. मग मधल्या २०१७ साठी पिक अदलाबदलीचा हक्क देऊन टाकला, म्हणजे बॉस्टनने हवं तर आपला नंबर देऊन नेट्सचा घ्यायचा. पळवाट काढण्यात आपणच हुशार असं उगाच वाटतं आपल्याला.

त्या रात्री मला वाटलं, बॉस्टनने देव्हारा विकला. ब्रुकलिनने त्या जोडीच्या जिवावर प्लेऑफची एक फेरी जिंकली. पिअर्स वर्षभरात गेला, गार्नेट दुसऱ्या सीझनच्या मध्यात. २०१६ च्या पिकवर जेलन ब्राउन आला. अदलाबदलीत मिळालेला २०१७ चा पहिला नंबर फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला, त्यावर जेसन टेटम. २०२४ ला त्या दोघांनी बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. हे सगळे सांगतात. मला आठवतो तो त्याच गाठोड्यातला कीथ बोगन्स.

पगार जुळत नव्हते म्हणून नेट्सने त्याला नवा करार दिला. आदल्या वर्षी किमान पगारावर खेळणारा हा माणूस अचानक ५० लाख डॉलरच्या वर गेला. पुढच्या दोन वर्षांची हमी नव्हती. वजन भरलं की काम झालं. बॉस्टनसाठी तो ६ मॅच खेळला. जानेवारीत त्याला घरी पाठवलं, पगार चालू ठेवून. पुढच्या सप्टेंबरात कागदावर क्लीव्हलँडला गेला, दोन दिवसांनी फिलाडेल्फियाला. तिथून सुट्टी.

एवढ्या पैशात मीसुद्धा घरी बसेन, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आता तितकंसं खात्रीने म्हणवत नाही.

परवाच्या माझ्या ट्रेडमध्ये मी शेवटी बाकावरचा एक गार्ड टाकला. यंत्र म्हणालं, चालेल. त्याचं नाव काय होतं, आत्ता लिहिताना आठवत नाहीये.