कोलोनचं कॅथेड्रल: टॉवरला लिफ्ट नाहीये!

आधी हे क्लिअर करतो, जर्मनीतल्या कोलोनच्या डोमच्या (म्हणजे कॅथेड्रलच्या, घुमट नव्हे) टॉवरला लिफ्ट नाही. आमच्यातल्या एका महाभागाने "अर्ध्यापर्यंत पायऱ्या, मग लिफ्ट" असं छातीठोक सांगितलेलं आणि मी येडा तिकीट काढून मोकळा झालो. ५३३ पायऱ्या आहेत. म्हणजे पर्वती पाच वेळा, तीपण गोल गोल गरगरत. जिना इतका अरुंद की समोरून कोणी उतरायला लागलं की पोट आत घेऊन भिंतीला चिकटायचं, कारण चढणारे उतरणारे सगळे त्यातूनच. मी पाठीला सॅक, अंगात जाड जॅकेट, दोनशेव्या पायरीलाच घामाघूम. भिंतीभर पेनाने खरडलेली नावं, त्यात देवनागरीत एक "पप्पू" दिसला, गुपचूप मान खाली घालून पुढे गेलो.

मधे घंटा लागतात तिथे थांबाच. त्यातली सगळ्यात मोठी १९२३ ची, २४ टनांची, लोक तिला 'जाडा पीटर' म्हणतात. दम खायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. शेवटी लोखंडी जिना, आणि वर गेल्यावर काय, तर सगळीकडून जाळी. ऱ्हाइन नदी दिसते, पूल दिसतो, पण डोम दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे!

त्यामुळे माझं सरळ मत, गुडघे कुरकुरत असतील तर टॉवर सोडा. होहेनझोलर्न पूल चालत ओलांडा (कुलपंच कुलपं लटकवलीत कठड्याला), पलीकडे डॉइट्झला ट्रायँगल नावाची उंच बिल्डिंग आहे, तिला लिफ्ट आहे आणि तिथून अख्खा डोम समोर दिसतो. तिकीट तिथेही आहे पण वसूल होतं.

डोमच्या आतलं काय सांगू, बांधकाम १२४८ ला सुरू केलं आणि १८८० ला संपवलं, मधली तीनेकशे वर्षं काम ठप्प. मला आवडली ती दक्षिणेकडची २००७ ची खिडकी, ११ हजारांवर रंगीत चौकोन, ऊन असताना जा. टोपी काढावी लागते. मोठ्या बॅगा आत सोडत नाहीत, शेजारीच स्टेशन आहे, तिथल्या लॉकरला टाका. बाहेर कोणी कागद पुढे करून सही मागितली तर हात खिशात, पाकिटावर. पाणी स्टेशनातल्या सुपरमार्केटमधून घ्या, चौकातल्या कॅफेत एका बाटलीला माझ्याकडून जेवणाचे पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना मी खेकड्यासारखा आडवा उतरलो, आणि तो लिफ्टवाला महाभाग खाली उभा राहून व्हिडिओ काढत होता.