एक ओढा, दोन राज्यं: म्योडलारॉयटची एका दिवसाची भेट

आई-बाबा या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी न्यूरेंबर्गला आमच्याकडे आले होते. बर्लिन, ऱ्हाइनमधली बोट, आल्प्सची गाडी असं सगळं ठरलेलं होतंच. पण बाबांनी ३५ वर्षं तलाठ्याची नोकरी केली, त्यातली सात चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात. शिवेवरचं गाव म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून एक दिवस मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता म्योडलारॉयटचा.

म्योडलारॉयट हे जेमतेम ५० माणसांचं खेडं. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या एका बाजूचं गाव बव्हेरियात, ट्योपेन ग्रामपालिकेत. दुसऱ्या बाजूचं थुरिंगिया राज्यात, गेफेल नगरपालिकेत. जर्मनीची फाळणी झाल्यावर पुढे या ओढ्यालगत भिंत आली आणि अमेरिकन सैनिकांनी गावाला नाव दिलं, ‘लिटल बर्लिन’.

जायचं कसं, ते आधी सांगते. जवळचं मोठं स्टेशन होफ. न्यूरेंबर्गहून प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं. दोन-तीन जण असाल तर बायर्न-तिकीट घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं आणि जलद आयसीई गाड्यांना चालत नाही. या मार्गावरच्या काही गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होतात आणि अर्धी गाडी दुसऱ्याच गावाला जाते. आपण होफच्या डब्यातच बसलोय ना, हे चढतानाच पाटीवर वाचून घ्या.

होफ स्टेशनवर पाच मिनिटं थांबा. १ ऑक्टोबर १९८९ च्या पहाटे प्रागहून निघालेल्या गाड्या इथे लागल्या. पश्चिम जर्मनीत जाऊ द्या म्हणून प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीच्या आवारात आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून बसलेले पूर्व जर्मन लोक त्यांत होते. अंगावरच्या कपड्यांनिशी, कडेवर पोरं घेऊन ते या फलाटावर उतरले. मी हे आईला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ फलाटाच्या कडेकडेने चालत राहिली.

होफपासून पुढचं अंतर जास्त नाही, १५-२० किलोमीटर. पण खरी अडचण इथेच. आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. मी वेळापत्रकात पाहून ठेवलेली बस आलीच नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘फक्त शाळेच्या दिवशी’. बव्हेरियात तेव्हा उन्हाळी सुट्टी चालू होती, ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. या भागातल्या बऱ्याच बस शाळेच्या मुलांसाठीच धावतात, तेव्हा ती ओळ वाचल्याशिवाय निघू नका. आम्ही टॅक्सी केली आणि परतीची वेळही त्याच चालकाशी ठरवून टाकली. गावात उभं राहून टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. धडधाकट मंडळी सायकल घेऊन जाऊ शकतात. रस्ता चढउताराचा आहे, पण वाहनं कमी.

टॅक्सी शेतांमधून खाली उतरते आणि एकदम गाव दिसतं. उतरत्या छपरांची घरं, गोठे, एक तळं, आणि मधोमध पांढरी भिंत. मूळ भिंत ७०० मीटर लांब होती. आता तिचा जेमतेम १०० मीटरचा तुकडा राखला आहे. मागे कुंपण, टेहळणीचा मनोरा, गस्तीची वाट, सगळं पाहायला मिळतं.

बाबा भिंतीकडे गेलेच नाहीत. ते आधी ओढ्याकडे गेले. टानबाख इतका अरुंद आहे की पाच-सहा वर्षांचं पोर उडी मारून पलीकडे जाईल. काठाला हद्दीचा जुना दगड आहे. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, गुडघ्यावर बसले आणि दगडावरचं शेवाळ न दुखवता बोट फिरवून अक्षरं लावायला लागले. एका अंगाला ‘के बी’, म्हणजे बव्हेरियाचं राज्य. दुसऱ्या अंगाला ‘एफ आर’, म्हणजे रॉयस संस्थान. हे दगड १८१० साली रोवले. ओढा ही दोन सत्तांमधली हद्द, हे त्याच्याही आधीपासूनचं, सोळाव्या शतकापासूनचं. बाबा म्हणाले, “मोजणी चांगली केलीय. दोनशे वर्षं झाली, दगड हललेला नाही.”

मग त्यांनी विचारलं, “म्हणजे शीव आधीपासून होतीच. मग त्रास कशाचा होता?”

याच प्रश्नासाठी मी त्यांना इथे आणलं होतं. त्रास नव्हताच. दोन राजे असले तरी गाव एकच होतं. शाळा थुरिंगियाच्या बाजूला, गावातली खानावळही तिकडेच. रविवारी प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये. सोयरीक ओढ्याच्या आरपार, शेतंही आरपार. दगड कर गोळा करणाऱ्यांसाठी होते, माणसांना त्यांचा अडथळा नव्हता.

१९४५ नंतर हाच दगड अमेरिकन आणि सोव्हिएत विभागांमधली रेषा झाला, १९४९ ला दोन देशांमधली: बव्हेरिया पश्चिम जर्मनीत, थुरिंगिया पूर्व जर्मनीत. तरीही पास दाखवून ये-जा चालायची. मे १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने हुकूम काढला आणि सीमेलगतचा ५ किलोमीटरचा पट्टा बंद केला. त्यातही ओढ्यालगतच्या ५०० मीटरमध्ये दिवस मावळल्यावर बाहेर पडायची सोय राहिली नाही. आधी उंच लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत, सुमारे ३.३ मीटर उंच. सीमेला अगदी चिकटलेली घरं पाडली गेली. सरकारच्या लेखी ज्यांचा भरवसा नव्हता, त्या कुटुंबांना थोडक्या अवधीत सामान बांधायला लावून आतल्या भागात हलवलं. त्या मोहिमेचं सरकारी कागदांतलं नाव होतं ‘कीड’. आपल्याच गावच्या माणसांसाठी कुणी हा शब्द कागदावर लिहिला असेल, हे बाबांना पटेचना. त्यांनी मला दोनदा विचारलं, “नक्की हाच अर्थ ना?”

गावातल्या संग्रहालयात मजकूर वाचताना मला सगळ्यात जास्त लागली ती हात हलवण्याची गोष्ट. पूर्वेकडच्या लोकांना पलीकडे पाहून हात हलवायला, हाक मारायला मनाई होती. पश्चिमेकडून कुणी बहीण, कुणी चुलता टेकाडावर उभा राहून हात हलवायचा. अंगणात कपडे वाळत घालणारी बाई मान वर करायची नाही. ३० पावलांवरचं माणूस, आणि ओळख दाखवायची नाही. १९७३ पासून पश्चिमेतल्या सीमाभागातल्या लोकांना परवाना काढून पूर्वेतल्या जवळच्या जिल्ह्यांत जाता येऊ लागलं. पण म्योडलारॉयटचा पूर्व भाग बंद पट्ट्यात होता. त्यामुळे पश्चिम म्योडलारॉयटचा माणूस दूरच्या गावात जाऊ शकायचा, आपल्याच गावाच्या दुसऱ्या अर्ध्यात नाही. भिंत झाल्यावर ती ओलांडून सुटलेला माणूस एकच. १९७३ मध्येच तो शिडी लावून पलीकडे उतरला.

९ डिसेंबर १९८९ ला पायी जाण्यापुरती वाट उघडली. १७ जून १९९० ला यंत्र लावून भिंत पाडली. संग्रहालयाची स्थापना त्याच वर्षी झाली.

आई रस्त्यावरून ओढ्याच्या पलीकडे गेली होती. मी अलीकडे, बाबा दगडाशी. तिने सहज हात हलवला, आपण गच्चीतून हलवतो तसा. मीही हलवला. मग तिलाच आठवलं असावं, कारण तिचा हात तसाच वर थांबला. बाबा उभे राहिले आणि त्यांनीही हात वर केला.

आणि आता? सीमा आजही आहे, जागची हललेली नाही. ओढ्याच्या या बाजूचा पिनकोड ९५१८३, त्या बाजूचा ०७९२६. फोनचे क्रमांक वेगळे, मोटारींच्या नंबरपाट्या वेगळ्या, इकडे ‘एच ओ’ तर तिकडे ‘एस ओ के’. महापौर दोन, विधानसभेच्या निवडणुका दोन. ६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी, पलीकडे कामाचा दिवस. २० सप्टेंबरला बालदिनाची सुट्टी थुरिंगियात, अलीकडे नाही. अलीकडचे ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, पलीकडचे ‘गुटन टाग’. आम्ही उभे होतो तेव्हा पलीकडच्या रस्त्याने पाठीवर दप्तर घेतलेला एक मुलगा आला. आमची बस ज्या सुट्टीमुळे चुकली ती त्याला नव्हती, थुरिंगियाची शाळा केव्हाच सुरू झाली होती. तो ओढ्याशी आला, रस्ता ओलांडून अलीकडच्या घराच्या फाटकातून आत गेला. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बाबांना यात नवल वाटलं नाही. जिवतीतली १४ गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही आपली म्हणतात. तिथल्या घरांत दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत, दोन्हीकडच्या याद्यांत नावं आहेत, दोन्ही सरकारांच्या शाळा आहेत. महाराजगुड्यात तर एकाच घराच्या खोल्या दोन राज्यांत. “कागद दोन असले तर माणूस दोन खेटे जास्त घालतो,” बाबा म्हणाले, “पण तांदूळ संपला की शेजारीच मागायला जातो. इथे ते जाणंच बंद केलं होतं.”

तुम्ही जाणार असाल तर किमान तीन तास ठेवा. आधी संग्रहालयातला माहितीपट पाहा, मग बाहेरचा भाग फिरा, नाहीतर कुंपणांच्या ओळींचा अर्थ लागत नाही. सोमवार शक्यतो टाळा, हिवाळ्यात वेळा बदलतात, निघण्याआधी एकदा खात्री करा. बराच मजकूर जर्मनमध्ये आहे, फोनवर भाषांतराची सोय आधीच उतरवून ठेवा. चढ हलका आहे, पण ज्येष्ठांना जमिनीवर पकड घेणारे बूट घालायला सांगा, ओढ्याकाठचं गवत ओलं असतं. या भागाला बव्हेरियाचा सायबेरिया म्हणतात. ऑगस्टमध्येही दुपारनंतर आईला शाल लागली. खाण्याचं बरोबर घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती तळ्याकाठच्या बाकावर बसून खाल्ली. रविवारी वाटेतली दुकानं बंद असतात. ३ ऑक्टोबरला, एकीकरणाच्या दिवशी, गावात गर्दी असते. शांतपणे पाहायचं असेल तर ती तारीख सोडा.

गावात माणसं राहतात, हे विसरू नका. अंगणात डोकावून फोटो काढू नका. वर्षानुवर्षं यांच्या खिडक्यांवर मनोऱ्यातून नजर होती.

वेळ आणि पाय असतील तर भिंतीच्या टोकापासून पुढे गस्तीच्या वाटेने चाला. ही जुनी सीमा जवळपास १४०० किलोमीटर लांब आहे. माणसाला पाय ठेवायची बंदी असल्याने तिच्यावर झाडं, पक्षी, फुलपाखरं टिकून राहिली. आता तिला ‘हिरवा पट्टा’ म्हणून जपतात. काँक्रीटच्या भोकाभोकांच्या फरशा अजून आहेत. प्रत्येक भोकातून गवत आलंय. चालताना पाय अडखळतो, त्यामुळे नजर खाली ठेवावी लागते.

परतीच्या टॅक्सीला दहा मिनिटं होती तेव्हा बाबा पुन्हा दगडाशी गेले. खिशातला रुमाल काढला आणि ‘एफ आर’च्या अंगावर पडलेलं ओलं पान अलगद बाजूला केलं. मग त्यांनी विचारलं, इथल्या नकाशात ओढ्याचं पात्र कुणाच्या नावावर आहे, ते कुठल्या कचेरीत पाहायला मिळेल? घरी आल्यावर मी शोधून देते म्हटलं आहे.