४८ तास, दीडशे रुपये आणि आई

इंदूरला मराठी पिक्चर लागतो म्हणजे काय होतं, तर शुक्रवारी सकाळी एकच शो, तोही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मॉलमधे, आणि आपण "रविवारी जाऊ" म्हणेपर्यंत तो उतरलेला असतो. नाटकांचं बरंय, इथल्या सानंद संस्थेवाले पुण्या-मुंबईची नाटकं आणतात. पिक्चर मात्र आता घरीच, थोडे सबस्क्रिप्शनवर आणि थोडे रेंटवर. रेंटवाल्यांचं आधी सांगतो कारण तिथे वरून पैसे जातात.

रेंटचा हिशोब असा की पैसे भरल्यावर सुरू करायला साधारण ३० दिवस, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तास, बस. लहानपणी आम्ही व्हीसीआर भाड्याने आणायचो, एका रात्रीत तीन कॅसेटी, शेजारपाजारचे सगळे सतरंजीवर, सेव-परमलचं पातेलं मधोमध, आणि सकाळी दुकानवाला मशीन न्यायला दारात हजर. तेव्हा रात्रीत तीन व्हायचे आणि आता दोन दिवसांत एक होत नाही! परवा प्ले दाबलं आणि दहाव्या मिनिटाला उज्जैनहून मामा आले, दोन दिवस राहिले, मामा गेले तोवर पिक्चर पण गेला. दीडशे रुपये. मामांना अजून सांगितलेलं नाही.

तर पैसे वसूल कुठे झाले? द होल्डओव्हर्स. १९७० सालचा ख्रिसमस, बोर्डिंग शाळेतली सगळी मुलं घरी गेलीत आणि मागे उरलेत एक खडूस इतिहासाचा मास्तर, एक आगाऊ पोरगा आणि व्हिएतनाममधे मुलगा गमावलेली शाळेची स्वयंपाकीण. घडत काही नाही हो, तिघं जेवतात, भांडतात, बर्फात फिरतात. पण पॉल जियामाटीचा तो मास्तर बघताना मला सारखे आमचे संस्कृतचे सर आठवत होते, तसाच कोट आणि तसाच पोरांना टोमणा मारून झाल्यावर स्वतःच खूश होण्याचा चेहरा. स्वयंपाकिणीचं काम करणाऱ्या डेव्हाइन जॉय रँडॉल्फला त्यासाठी ऑस्कर मिळालं. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, तरी ती शेवटपर्यंत बसली, मधे एकदाच उठली, कुकर बंद करायला. आमच्या घरात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

ओपनहायमर घरी बघावा का? मला विचाराल तर बघा, पण दोन रात्रींत. तीन तासांचा आहे आणि लोक म्हणतात तसा नुसता अणुबॉम्बच्या स्फोटाचा नाहीये, अर्ध्याहून जास्त वेळ माणसं खोल्यांत बसून बोलतात, त्याला मोठा पडदा कशाला? भानगड आवाजाची आहे. दिग्दर्शक नोलनला नंतर स्टुडिओत डायलॉग परत रेकॉर्ड करणं आवडत नाही म्हणे, सेटवरचाच आवाज ठेवतो, त्यामुळे माणसं पुटपुटतात म्हणून आवाज वाढवायचा तर लगेच म्युझिक असं अंगावर येतं की खालचे काका गॅलरीत. रिमोट हातातून सोडू नका.

आता मराठी. नवे मराठी पिक्चर रेंटवर मला फार सापडत नाहीत, सबस्क्रिप्शनमधेच येतात. आता थांबायचं नाय (२०२५) बघाच. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी करतात, खऱ्या गोष्टीवरून घेतलंय. मधे मधे रडवायचा आग्रह जरा जास्त आहे पण भरत जाधव मस्त, नेहमीचा आरडाओरडा नाही. स्वच्छतेत सारखा पहिला नंबर काढणाऱ्या आमच्या गावात हा पिक्चर वेगळाच लागतो. आई म्हणाली, आपल्या कचरागाडीवाल्या पोराला विचारायला हवं किती शिकलाय. दुसऱ्या दिवशी खरंच बादली घेऊन खाली गेली आणि विचारून आली. बीकॉम आहे.

वाळवी (२०२३) बद्दल एक अक्षर सांगणार नाही, ट्रेलर पण बघू नका, फक्त एवढंच की स्वप्निल जोशीला असं आपण कधी पाहिलेलं नाही आणि परेश मोकाशी खुनाच्या प्लॅनिंगवर हसवतो. लहान मुलं झोपल्यावर लावा.

कोकणात घडणाऱ्या दशावतारवर घरात दोन पक्ष आहेत. दिलीप प्रभावळकर १९४४ चे, म्हणजे ऐंशी पार, आणि त्या वयात रंग फासून, एवढी सोंगं घेऊन ते जे करतात ते बघताना मी सरळ उठून बसलो. पण दुसऱ्या भागात गोष्ट सूडावर गेली की ताणल्यासारखी वाटते, हे माझं. आईचं म्हणणं, तुला कोकण कुठे माहिती. खरंय भिया, आमचे लोक होळकरांच्या मागे इकडे आले ते परत गेलेच नाहीत, कोकण मी टीव्हीवरच बघितलंय.

बाकी दोन-तीन घेतले होते, तिथे आई कुकर बंद करायला गेली ती आलीच नाही, त्यांची नावं सोडा.

सध्या एकाचं घड्याळ चालू आहे. उद्या रात्री साडेनऊला संपतं, पिक्चरची चाळीस मिनिटं बघायची बाकी आहेत, आई अजून देवळातून आलेली नाही आणि मामांचा फोन येऊन गेला.