गणपतीच्या साइटवर जपानी पर्स

सकाळी सव्वासहाला फोन वाजला की आमच्या वेबसाइट होस्टिंगच्या धंद्यात दोनच गोष्टी असतात, एक तर सर्व्हर बसलाय नाहीतर कुणाचं तरी डोमेन संपलंय. 2019 चा मे महिना, शनिवार, आणि फोन पेणच्या काकांचा. काका आमचे अगदी सुरुवातीचे क्लायंट, हमरापूरच्या बाजूला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. फोन उचलल्याउचलल्या म्हणाले, "अरे, ती आपली साइट चिन्यांनी घेतली रे."

मी झोपेतच "हो का" म्हटलं, आणि मग ताडकन उठून बसलो.

झालं असं होतं की टेक्सासमधलं एक मराठी मंडळ दरवर्षी काकांकडून मूर्ती नेतं. न्हावाशेवाहून कंटेनर जातो, बोटीला महिना-सव्वा महिना लागतो, वर तिकडचं कस्टम, त्यामुळे बाहेरचा माल पावसाच्या आधी पॅक होऊन निघालेला बरा. शिवाय पाऊस लागला की शाडू वाळता वाळत नाही. तर त्या मंडळाचे एक गृहस्थ, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, ॲडव्हान्स पाठवायच्या आधी साइट बघू म्हणून बसले आणि गूगलवर कारखान्याचं नाव टाकलं. वर आलं काहीतरी चित्रलिपीतलं, त्याच्या खाली बारीक अक्षरात सूचना की ही साइट हॅक झालेली असू शकते, आणि मग लेडीज पर्स आणि घड्याळांचे भाव, येनमध्ये. त्यांनी स्क्रीनशॉट काढून काकांना टाकला आणि खाली लिहिलं, पैसे दोन दिवस थांबवतो, काळजी नसावी. आता हे वाचून कुणाला काळजी वाटणार नाही?

आणि काकांचा चिन्यांवरचा संशय अगदीच हवेतला नव्हता, बाजारात चिनी मूर्ती आल्याची बोंब दर एकदोन वर्षांनी उठतेच. मी म्हटलं, काका, ही जपानी दिसतेय. "कोण का असेना, काढ आधी."

लॅपटॉप उघडला, साइट टाकली, तर साइट एकदम ठणठणीत. तोच पहिला फोटो, तोच लालबाग पद्धतीचा गणपती, कॉन्टॅक्ट फॉर्म चालतोय. मोबाइलवर बघितली, बायकोच्या मोबाइलवर बघितली, सगळीकडे व्यवस्थित. एक क्षण बरं पण वाटलं, म्हटलं त्या टेक्सासवाल्याच्याच कॉम्प्युटरला काहीतरी झालं असेल (आपली चूक नसावी असं माणसाला किती पटकन वाटतं ना). मग गूगलमध्ये साइट कोलन लिहून पुढे डोमेन टाकलं, म्हणजे या साइटची किती पानं गूगलकडे आहेत ते अंदाजे कळतं. काकांच्या साइटची पानं 23. मीच बनवलेली, मला पाठ आहेत. गूगल म्हणत होतं 14,300.

याला जपानी कीवर्ड हॅक म्हणतात, वाचलं होतं बरंच, स्वतःच्या घरात पहिल्यांदा बघितलं. गंमत अशी की माणूस साइटवर आला की त्याला खरी साइट दाखवायची आणि गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, आला की त्याला जपानी पानं वाढायची. मालकाला पत्ताच लागत नाही कारण मालक रोज आपली साइट बघतो ती डायरेक्ट. मी कर्ल नावाच्या कमांडने, आपण गूगलचा बॉट आहोत असं भासवून, तीच साइट मागवली आणि टर्मिनलवर भराभर जपानी अक्षरं पडायला लागली.

आता आमच्या कंपनीबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. कंपनी म्हणजे जुन्या पनवेलला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सवाला, आणि आम्ही तीन माणसं. होस्टिंग कंपनी म्हटलं की लोकांना वाटतं आत मोठमोठी मशीनं असतील, काही जण येऊन "सर्व्हर कुठाय दाखवा ना" असं पण म्हणतात. सर्व्हर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये, त्यातला एक तुकडा आम्ही भाड्याने घेतो आणि त्याचे अजून तुकडे करून लोकांना भाड्याने देतो. पोटभाडेकरू ठेवणारा भाडेकरू, एवढाच आमचा रुबाब. त्या एका तुकड्यावर तेव्हा 41 साइट होत्या, म्हणजे काकांकडे चोर शिरलाय तर शेजारी शिरला नसेल कशावरून, ही माझी खरी धडधड. काकांना हे अर्थातच सांगितलं नाही.

आठ वाजता ऑफिसला पोचलो. आमच्याकडे एक मुलगी होती डिप्लोमा करून आलेली, शनिवार असून ती पण आली, मला दादा म्हणते आणि माझ्यापेक्षा बरं काम करते. आधी एचटीॲक्सेस फाइल उघडली, म्हणजे आलेल्याला कुठलं पान द्यायचं ते सर्व्हरला सांगणारी फाइल, त्यात आम्ही न लिहिलेल्या चाळीसेक ओळी. उडवल्या. रिफ्रेश केलं, परत आल्या. परत उडवल्या, परत आल्या. गादीतले ढेकूण कसे, उन्हात टाकली की दिसत नाहीत आणि रात्री आहेतच, तसलं. फाइल उडवली की तीच्या तीच परत लिहिणारा एक पीएचपी प्रोसेस, म्हणजे साइटच्याच भाषेतला प्रोग्रॅम, मागे चालू होता, शिवाय क्रॉनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ठरल्या वेळच्या कामांच्या यादीत, एक नोंद घालून ठेवलेली, म्हणजे प्रोसेस मारला तरी थोड्या वेळाने पुन्हा जन्म. आधी क्रॉन काढला, मग प्रोसेस मारला, मग फाइल साफ केली, या क्रमाने केल्यावर ती शांत बसली. हे आता मी दोन ओळीत लिहिलं पण याला आमचे अडीच तास गेले, त्यातला एक तास मी उलट्या क्रमाने करत होतो म्हणून.

मग म्हटलं कशाला उंदीर शोधत बसायचं, सरळ बॅकअप टाकू. बॅकअप आमचा रोज रात्री होतो आणि 14 दिवसांचा राहतो, पंधराव्या दिवशी जुना पुसला जातो, डिस्क काय फुकट मिळत नाही. चौदाही उघडून बघितले, चौदाही जपानी. मग तिने काकांच्या नावाने काढलेलं साइटचं जीमेल उघडलं, जे मीच उघडून दिलेलं आणि काकांनी आयुष्यात कधी बघितलेलं नाही, दोन हजाराच्या वर न वाचलेल्या मेल. त्यात फेब्रुवारीतली एक मेल, गूगल सर्च कन्सोलची (साइटच्या मालकाला गूगलवरचा तिचा हिशोब दाखवणारी सेवा), की तुमच्या साइटला नवीन मालक जोडला गेलाय. म्हणजे चोराने घरात शिरून रेशनकार्डावर स्वतःचं नाव घातलं, सरकारने तसं रीतसर कळवलं, आणि ते पत्र आम्ही अकरा आठवडे फोडलं नाही. काका नाही बघत ते समजू शकतो. त्या जीमेलचा पासवर्ड माझ्याकडे पण होता.

एक मात्र होतं. दसऱ्याला आम्ही सगळ्या साइटची एक कॉपी एका बाहेरच्या हार्डडिस्कवर काढतो, पूजेला बाकी काही ठेवायचं तर नसतं, मग लॅपटॉप आणि ती हार्डडिस्क पाटावर. हळदीकुंकवाचा डाग अजून आहे तिच्यावर. ड्रॉवरमधून ती काढली, जोडली, ऑक्टोबर 2018 ची कॉपी निघाली, स्वच्छ, जपानीचं नावनिशाण नाही. मी अक्षरशः नमस्कार केला.

पण पोरगी हट्टी. ती म्हणाली दादा, जुनी कॉपी टाकून काय होणार, तो शिरला कुठून ते न बघता टाकली तर पुढच्या आठवड्यात परत शिरेल. बरोबर होतं. मग तिने वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याच्या, मूळ फाइली चेकसम लावून ताडून बघितल्या, म्हणजे कुठे फेरफार झालाय ते कळतं, एक छुपा ॲडमिन युजर सापडला, अपलोड्समध्ये जिथे फक्त फोटो असायला पाहिजेत तिथे तीन पीएचपी फाइली, आत बेस64 चं, म्हणजे कोड लपवायला केलेल्या अगम्य अक्षरांचं, भलंमोठं ठिगळ. आणि मग शांतपणे विचारलं, "दादा, हे गॅलरीचं प्लगिन कुठून घेतलेलं?"

फोल्डरचं नाव होतं गॅलरी-फायनल-नवीन. असं नाव जगात फक्त मीच ठेवतो.

2015 मध्ये कंपनी नवीन, काकांची साइट 12,000 ला केलेली, आणि त्यांना मूर्तीवर माउस नेला की मोठी दिसणारी गॅलरी हवी होती. त्याचं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून लावायचा तयार जोडभाग, 24 डॉलरला होतं, म्हणजे तेव्हाचे दीड हजार. माझ्याकडे बाहेर चालणारं कार्ड नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं, खरं म्हणजे दीड हजार पण जड होते. मग एका साइटवरून नल्ड कॉपी उतरवली. नल्ड म्हणजे पैसेवाल्या प्लगिनची कुलूप तोडून फुकट वाटलेली कॉपी. ती वाटणारे काय समाजसेवा म्हणून वाटत नाहीत, आत मागचं दार ठेवूनच देतात, हे मी आता क्लायंटना तोंड वर करून सांगतो. आमच्या त्या झिपमध्ये असं दार चार वर्षं होतं, फक्त उघडायला कुणी आलं नव्हतं. म्हणजे दसऱ्याची जी कॉपी मी स्वच्छ म्हणून कपाळाला लावली, त्यात पण ते होतंच.

आणि लिहायचंच तर पूर्ण लिहितो. काकांच्या बिलात मी "प्रीमियम गॅलरी प्लगिन, 1,500" अशी वेगळी ओळ घातलेली. पैसे घेतलेले.

ती काही बोलली नाही. तिने सर्व्हरवर शोध मारला आणि तेच फोल्डर अजून पाच साइटवर निघालं. एक क्लासवाले, एक दाताचे डॉक्टर, एक मंगल कार्यालय, अलिबागकडची दोन रिसॉर्ट. कुणाकडे अजून कोणी शिरलेलं नव्हतं, प्लगिन तिथल्या तिथे उडवलं. संध्याकाळपर्यंत काकांची साइट नव्याने उभी केली, नवीन वर्डप्रेस, जुना फक्त मजकूर आणि जेपीजी फोटो, सगळे पासवर्ड आणि सॉल्ट (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदलले, सर्च कन्सोलमधून तो उपटसुंभ मालक काढला, त्याची व्हेरिफिकेशनची फाइल उडवली. त्या 14,300 पत्त्यांना 410 उत्तर लावलं, म्हणजे हे पान कायमचं गेलं, परत विचारू नको. मग गूगलला रिव्ह्यूची रिक्वेस्ट. ती सूचना जायला नऊ दिवस लागले आणि जपानी पानं सर्चमधून पूर्ण निघायला गणपती उजाडले.

सहा वाजता गाडी काढून पेणला गेलो. फोनवर सांगता आलं असतं.

कारखान्यात काका आखणीला बसलेले. आखणी म्हणजे डोळे, हे काम ते अजून कुणाला देत नाहीत. रंगाचं बाकी सगळं पोरं करतात पण डोळ्याला काकाच. आखणी चालू असताना कोणी बोलायचं नाही हा तिथला नियम, पंखा पण बंद असतो. मे महिना, पत्र्याची शेड, मी एका पोत्यावर बसून घाम पुसत बघत होतो. ब्रश इतका बारीक की चार केस असतील. काका श्वास धरतात, वरच्या पापणीची रेघ एका झटक्यात ओढतात, मग श्वास सोडतात. एक डोळा झाला की पाट फिरवून लांबून बघतात. पाच मूर्ती झाल्या, मग ब्रश पाण्यात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

सगळं सांगितलं. चीन नाही, जपान नाही, मीच. प्लगिन, दीड हजार, ती मेल, सगळं. हे पण म्हटलं की कामाचे पैसे घेणार नाही.

"चौदा हजार पानं?" काका म्हणाले.

"हो."

"आणि आपली किती?"

"तेवीस."

ते थोडे हसल्यासारखे वाटले पण खात्री नाही. मग चहा मागवला, आणि म्हणाले त्या टेक्सासवाल्यांना तू स्वतः सांग, मला ते इंग्रजीत नाही जमायचं. मी म्हटलं काका, ते मराठी आहेत. "असू दे, तूच सांग." रात्री साडेनऊला तिथूनच फोन लावला, गृहस्थ आयटीतलेच निघाले, मी अर्धं सांगेपर्यंत त्यांनीच विचारलं "नल्ड होतं का?" आणि मी हो म्हटलं. पैसे सोमवारी आले. कंटेनर वेळेत गेला.

बाकीच्या पाच जणांना पुढच्या आठवड्यात एकेक करून फोन केले. मंगल कार्यालयवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे नक्की काय झालं? म्हटलं झालं काहीच नाही, पण होऊ शकलं असतं. "मग फोन कशाला केला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी साइट दुसरीकडे हलवली, ते बरोबरच होतं.

काका पुढे या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांचं होस्टिंगचं रिन्युअल असतं, 3,000 अधिक जीएसटी, 3,540. चेक आला तो 2,040 चा. मला आधी वाटलं लिहिताना चुकले. पण चेकला टाचणीने एक झेरॉक्स लावलेली होती, माझ्याच 2015 च्या बिलाची, आणि प्रीमियम गॅलरीच्या ओळीखाली काळ्या रंगाची एक रेघ, ब्रशने ओढलेली, बारीक आणि एका झटक्यात.