आमची वाटचाल : साइटवर मालक आधी काय विचारतो?

आम्ही पुण्यात आरसीसीचं लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतो, म्हणजे सेंट्रिंग, स्टील, काँक्रीट सगळं. सुरुवात बंगल्यांपासून झाली, आता दहा-बारा मजली बिल्डिंगी करतोय. काम वाढत गेलं तसं एक पक्कं कळलं, मालक साइटवर आल्या आल्या काय विचारतो याकडे सगळ्यांचे कान असतात. रोज "स्लॅब कधी भरणार?" एवढंच विचारलं तर मुकादम बेल्ट-हेल्मेटच्या मागे लागतच नाही, मग बोर्ड कितीही लावा.

म्हणून मी गेलो की आधी लिफ्टचं डक्ट बघतो. बऱ्याच ठिकाणी त्यावर प्लाय नुसता टाकलेला असतो, कुणीतरी शटरिंगला कमी पडला म्हणून उचलून नेतो आणि मागून डोक्यावर घमेलं घेऊन येणाऱ्याला पुढे भोक आहे हे कळत पण नाही. आमच्याकडे प्लाय खिळे मारून बसवतात, वर लाल रंग, आणि सुपरवायझरला विचारल्याशिवाय कुणी काढायचा नाही.

पण खरा फरक पडला तो हजेरीमुळे. परांची हलतेय, खड्ड्याची माती सुटतेय म्हणून मुकादमाने काम थांबवलं तर कुणाची हजेरी कापायची नाही असं ठरवलं. रोजंदारीवरचा माणूस, पैसे जाणार म्हटल्यावर तोंड कशाला उघडेल?

जून 2019 मध्ये पुण्यातल्या कोंढव्यात रात्री कंपाउंड वॉल मजुरांच्या शेडवर कोसळली, 15 जण गेले, त्यात लहान मुलं पण होती. शेड कुठे बांधायची हे मजूर ठरवत नाही हो, ते आपणच ठरवतो! आम्ही भिंतीलगत किंवा खोदकामाच्या कडेला शेड घालतच नाही, जागा नसेल तर खोल्या भाड्याने घेतो.

याला पैसे लागतात. त्यामुळे जाळी, डबल हुकचा हार्नेस (उंचीवर बांधायचा पट्टा), ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हे कोटेशनमध्ये वेगळं लिहितो. काही बिल्डर म्हणतात तेवढं कमी करा, अशी कामं सोडलीत.

आणि बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यावरच्या सहीसाठी आमच्या ऑफिसात कुणाला हेलपाटे मारावे लागत नाहीत, पगाराच्या दिवशीच सगळ्यांचे कागद करून देतो.