कुंपण, मुंग्या आणि तूर: रिओ दोसेच्या खोऱ्यातला माझा अनुभव

ब्राझीलमध्ये नदी सुधारण्याच्या कामावर होतो असं सांगितलं की आमच्या डिचोलीतली माणसं विचारतात, "म्हणजे गाळ उपसायचास काय?" गाळाला माझा हात तसा कमीच लागला. माझी बरीचशी नोकरी कुंपणं घालण्यात, मुंग्यांमागे धावण्यात आणि शेतकऱ्यांच्या ओसरीवर कॉफी पिण्यात गेली.

5 नोव्हेंबर 2015 ला दुपारी मिनास जेराइस राज्यात, मारियाना शहराजवळ सामार्को कंपनीचं फुंदाओ धरण फुटलं. सामार्को म्हणजे वाले आणि बीएचपी या दोन खाण कंपन्यांची भागीदारी. हे धरण पाण्याचं नव्हतं. लोहखनिज धुऊन उरलेला चिखल साठवायचा तो बांध होता. सुमारे 4 कोटी घनमीटर चिखल सुटला, बेंतो रोद्रिगेस हे गाव जवळजवळ पुसलं गेलं, 19 माणसं गेली. ग्वालाशो दो नोर्ते या छोट्या नदीतून कार्मोत, तिथून दोसे या मोठ्या नदीत, असं करत तो लोंढा सहाशेहून जास्त किलोमीटर वाहत रेजेन्सियापाशी अटलांटिकला मिळाला. वाटेत गोव्हेर्नादोर व्हालादारेससारख्या अडीच लाखांवर वस्तीच्या शहराचे नळ बंद पडले.

बांध फुटला कसा, यावर तज्ज्ञ समितीचा अहवाल 2016 मध्ये आला. मागे साठलेल्या गाळावरच पायरीपायरीने भिंत चढवत नेली होती. निचऱ्याची व्यवस्था बिघडली, त्यात डाव्या बाजूला भिंतीची आखणी आत सरकवली. तिथे खाली बारीक चिकट गाळ होता. त्यावरची पाण्याने भिजलेली रेती एका क्षणी पातळ होऊन वाहायला लागली. 2019 मध्ये ब्रुमादिन्योला फुटलेला बांधही याच पद्धतीचा होता. तिथे 270 जण मेले, आणि मगच ब्राझीलने ही पद्धत बंद केली.

मला हे वाचताना परकं वाटलं नाही. पावसाळ्यात खाणीच्या डंपाची लाल माती शेतात उतरणं, मग भरपाईसाठी खेटे घालणं, हे डिचोली तालुक्यात लहानपणापासून पाहिलेलं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी मृदाशास्त्र शिकत होतो. पुढे मिनासमध्ये शिकायची आणि नंतर तिथल्याच एका कंत्राटदाराकडे काम करायची संधी मिळाली. आजोबांचं पोर्तुगीज कानावर पडलेलं होतं, पण मिनासच्या खेड्यातल्या बोलीपुढे ते दोन दिवसही टिकलं नाही.

सरकारं आणि खाण कंपन्या यांच्यातल्या 2016 च्या करारात ठरलं होतं ते असं: दहा वर्षांत 5,000 झरे राखायचे आणि 40,000 हेक्टरवर झाडी परत आणायची. यातले बरेचसे झरे जिथे चिखल पोचलाच नव्हता अशा उपनद्यांवर. ऐकायला विचित्र वाटतं. पण पात्राच्या तळाशी बसलेला सगळा चिखल काढणं शक्य नाही, दर पावसाळ्यात तो ढवळून वर येतो, आणि तो पातळ करायला बाजूच्या ओढ्यांतून स्वच्छ पाणी यायला हवं. शिवाय खरं बोलायचं तर हे खोरं धरण फुटायच्या आधीच आजारी होतं. लाकडी कोळशासाठी आणि गुरांच्या चराईसाठी जंगल कधीच तोडलेलं, टेकड्या बोडक्या, शहरांचं सांडपाणी थेट नदीत. म्हणून तर त्या करारात सांडपाण्यासाठीही 50 कोटी रेआइस (ब्राझीलचं चलन) बाजूला काढलेले होते.

काठावरच्या चिखलावर 2016 च्या सुरुवातीलाच घाईघाईने गवत आणि शेंगवर्गीय बी टाकलं होतं, तो निदान जागेवर थांबावा म्हणून. मी पाहिला तेव्हाही जिथे काही उगवलं नव्हतं तिथे वर कडक पापुद्रा होता. चाकूचं टोक दाबलं की तो काचेसारखा तडकायचा, खाली पिठासारखी मऊ रेती. बहुतेक लोहाची संयुगं आणि सिलिका, सेंद्रिय अंश नावाला. पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही. हात धुतले तरी नखांत तांबूस रेघ दोन दिवस राहायची.

तरीही माती हा त्यातला सोपा भाग होता. अवघड होता तो होकार.

बार्रा लोंगा गावाच्या पलीकडे एक म्हातारे शेतकरी होते. गावात सगळे त्यांना आदराने 'सेउ' लावून हाक मारत. त्यांच्या कुरणात वरच्या अंगाला एक झरा होता, गुरांनी तुडवून त्याचं डबकं झालेलं. आम्हाला त्याच्याभोवती कुंपण हवं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिखल खाणीतून आला. मग कुंपण माझ्या जमिनीला का?"

याला कागदावर उत्तर आहे. वनकायद्यानुसार झऱ्याभोवतीची आणि काठाची जमीन राखीवच असते. दहा मीटरपेक्षा अरुंद नदीला दोन्ही काठांवर तीस मीटर. पण ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांचा राग वेगळाच होता. आमच्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची माणसं येऊन सह्या घेऊन, फोटो काढून गेली होती, ती परत फिरकलीच नाहीत. आणि झरा कुंपणात गेला तर गुरांनी पाणी कुठे प्यायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या टीममधली एक स्थानिक बाई फार हुशार. ती म्हणाली, सहीचं नंतर बघू. आधी झऱ्यापासून पाइप ओढून खाली, कुंपण जिथे येणार त्याच्या बाहेर, सिमेंटचा हौद बांधला. गुरं तिथे प्यायला लागली, वरचं डबकं निवळलं, आणि म्हाताऱ्यांनी स्वतः खांब रोवायला दोन पुतणे पाठवले. त्यानंतर आधी हौद, मग कागद, हा क्रम मी सोडला नाही. वरून ओरड व्हायची, कारण अहवालात हौदाला रकाना नव्हता.

मग लागवड. रोपं बरीच लावली, पण साउव्हा या पानं कापणाऱ्या मुंग्या एका रात्रीत ओळीच्या ओळी बोडक्या करतात. लावणीच्या आधीच वारुळं शोधून आमिष टाकलं नाही तर उरलेलं श्रमदान समजा. दुसरा शत्रू ब्राकिआरिया, आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणलेलं गवत. त्याच्यावर चांगला उपाय ठरला तो मुव्हूका. ताडपत्रीवर सगळं बी ओतायचं, रेतीत कालवायचं आणि पावसाच्या तोंडावर हाताने फेकायचं. त्यात काय असतं ते पाहून मला हसू फुटलं: ताग आणि तूर! सोबत अरोएइरा, अंजिको, इंगा, जातोबा अशा तिथल्या झाडांचं बी. ताग काही महिन्यांत सावली धरून गवत दाबतो, तूर दोनेक वर्षं उभी राहते, तिच्या आडोशाला झाडं वर येतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तिथे तूर खातं कोण?" कोणी नाही. ती पानं गाळायला पेरलेली असते.

खोऱ्यातल्याच आयमोरेस गावात सेबास्तियाव सालगादो या छायाचित्रकाराने पत्नी लेलियासह 1998 मध्ये उभारलेली इन्स्तितुतो तेर्रा ही संस्था आहे. झऱ्यांच्या कामात तिचाही वाटा होता. त्यांच्या उजाड गुरांच्या फार्मवर आज घनदाट झाडी आहे. कोणी "हे होणारच नाही" म्हणालं की आम्ही त्याला तिथे न्यायचो. त्याच पट्ट्यात क्रेनाक या आदिवासी लोकांची वस्ती. नदीला ते वाटू म्हणतात आणि तिला नात्यातलं माणूस मानतात. मासेमारी, आंघोळ, नदीवरचे विधी सगळं थांबलेलं. त्यांच्यासमोर हेक्टरचे आकडे वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही हे बरंच झालं.

आकड्यांबद्दल माझं मत वाईट आहे. लागवडीच्या दिवशी हेक्टर मोजले जातात, आणि झाडं मरतात ती पुढच्या कोरड्या हंगामात. तिसऱ्या वर्षी किती उभी आहेत ते विचारा, मग बोलू.

25 ऑक्टोबर 2024 ला नवा करार झाला, 170 अब्ज रेआइसचा. आधी कामं पाहणारी संस्था गुंडाळायचं ठरलं, जबाबदाऱ्या कंपनी आणि सरकारांकडे वाटल्या गेल्या. आम्ही कुंपणांच्या नोंदी, जागांचे नकाशे, जमीनमालकांच्या सह्या असं सगळं बांधून दिलं. मी परतीच्या तयारीत असताना म्हाताऱ्यांचा फोन आला: शेजाऱ्याचा बैल कुंपणात घुसला, दोन खांब मोडले, आता कोणाला सांगू? नवा नंबर मलाही कोणी दिला नव्हता. त्यांनी वाट न बघता स्वतःच तार ओढून घेतली आणि बिल मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ते मी तीन ठिकाणी पुढे पाठवलंय. तिन्हीकडून उत्तर आलं की हे आमच्याकडे येत नाही.