वजन चार किलो, बिल चाळीस किलोचं

पाच हजारांच्या वर एकाही गिटारीला पैसे घालायचे नाहीत, हा माझा नियम. त्यामुळं माझ्याकडच्या पाचही गिटारी जुन्या घेतलेल्या आहेत, आणि पाचही रोज वाजवण्याच्या लायकीच्या आहेत. शेवटची आली ती कोलकात्याहून, तिथल्याच गिव्हसन कंपनीची. किंमत ३,२०० रुपये. फोटो, व्हिडिओ, पैसे, सगळं सुरळीत झालं. विकणारे काका तर इतके व्यवस्थित, की खोक्याला मोजायची टेप लावून फोटो पाठवूनच त्यांनी पार्सल बुक केलं. अडलं ते सांगलीत येऊन, कुरियरच्या गोडाऊनमध्ये.

गिटारीचं भाडं काट्यावरच्या वजनावर लागत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५,००० नं भागायचं. येईल ते किलो. आमचा खोका ११२ बाय ४६ बाय २०, म्हणजे २०.६, धरले २१ किलो. आत खरं वजन जेमतेम चार. हे अन्यायाचं वाटलं तरी बहुतेक कुरियर असंच मोजतात, आणि किलोला ४५ रुपयांप्रमाणं काकांनी ते भरलेही होते.

मग मेसेज आला: पार्सल होल्डवर, फरक भरा. काउंटरवर गेलो तर स्क्रीनवर माप १२१ बाय ८२ बाय २०. चाळीस किलो! वरच्या १९ किलोचे ८५५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या वर. गिटारीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

"साहेब, गिटार जिथं सगळ्यात रुंद असते तिथं चाळीस सेंटीमीटर. खोका ब्याऐंशीचा कशाला कोण करेल?"

"सिस्टिममध्ये जे दिसतंय तेच भरावं लागेल."

"पार्सल मागंच आहे ना? टेप लावून बघू."

"कस्टमरला आत सोडत नाही."

कस्टमर केअर म्हणे शाखेत विचारा, शाखा म्हणे ई-मेल करा, ई-मेलला उत्तर तक्रार नोंदवली एवढंच. एप्रिल महिना, वर पत्र्याचं छप्पर, आणि आत माझी गिटार. उष्णतेनं जुना सरस मऊ पडतो आणि तारांच्या ओढीनं ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पोटावरची लाकडी पट्टी, मागून उचलतो. स्टीलच्या सहा तारा सुरात असताना सत्तर किलोच्या आसपास ओढ असते. तारा सैल करूनच पॅक करा असं काकांना सांगितलं होतं म्हणून निभावलं. तुम्हीही सांगा, पण तारा पूर्ण काढायला लावू नका.

शेवटी गोडाऊनच्या इन्चार्जना गाठलं. काकांनी पाठवलेला टेपचा फोटो आणि बुकिंगची पावती समोर ठेवली. पावतीवर मापं लिहिलेली होती, तिनंच काम केलं. त्यांनी खोका बाहेर आणवला आणि स्वतः टेप लावला: ११२, ४६, २०. हबमध्ये, म्हणजे कुरियरच्या मोठ्या केंद्रात, खोका मापाच्या यंत्राखाली तिरका ठेवला असणार, म्हणाले. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप जातं. हे काउंटरवरच्या माणसाला पहिल्याच दिवशी करता आलं असतं. फरक रद्द झाला, गिटार मिळाली. मी एक रुपया जास्त भरला नाही याचा मला अभिमान आहे.

तेव्हा पावतीवर नुसते किलो नकोत, तिन्ही मापं लिहून घ्या.

घरी बघितलं तर मान सरळ, पण बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, तार चांगली चार मिलिमीटर वर, दाबायला जड. मिरज जवळ असल्याचा इथं फायदा. फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेली ही सतारींची पेठ, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिरांनी ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती प्लास्टिकची पट्टी, म्हणजे सॅडल, काढून हाडाचं घासून बसवलं. कानशीचा एक हात मारायचा, तार चढवून ऐकायची, पुन्हा उतरवायची. अडीच मिलिमीटरवर आणलं आणि आवाज मोकळा झाला. जुनी गिटार घेताना हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारीला स्टीलच्या तारा चढवलेल्या दिसल्या तर ती कितीही स्वस्त असली तरी सोडा. तिची पोटाची फळी तेवढ्या ओढीसाठी केलेलीच नसते.

आणि खोका अंगाबरोबर कापायला सांगा. ११२ बाय ४४ बाय १८ केला की एकवीसचे अठरा किलो होतात, १३५ रुपये तिथंच वाचतात.